पप्पांची चाल

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या चर्चमध्ये श्यामसुंदर साळवे पेटी वाजवायचे आणि त्यांची मुलगी सत्यशीला गायची. बायको गेली त्या वर्षी श्यामसुंदरांनी एक गीत बांधलं. शब्द साधेच, दुःखात सोबत करणाऱ्या प्रभूचे; पण चाल अशी, की दुसऱ्या ओळीलाच लोक रुमाल काढायचे. तेव्हापासून चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की दफनाच्या वेळी तेच गीत म्हटलं जाई.

दिवसभर सत्यशीला खराडीतल्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. तिथल्या कार्यक्रमात प्रज्ञेशनं तिचा आवाज ऐकला. शनिवार पेठेत त्याचा लहानसा स्टुडिओ होता. लग्नसराईची गावरान गाणी तो काढायचा. तिनं त्याची दोन गाणी गायली, ती कुणी ऐकलीही नाहीत. तिसऱ्याला त्याला चालच सुचेना. माइक तपासताना ती सहज काहीतरी गुणगुणली.

"हे काय होतं?" प्रज्ञेशनं विचारलं.

"चर्चमधलं. पप्पांनी बांधलंय."

"परत म्हण ना. जरा फास्ट."

तिनं म्हटलं. त्यानं खाली ढोलकी धरली, हलगी टाकली, आणि ती चाल चक्क नाचायला लागली. सत्यशीलाला हसू आलं. त्या क्षणी तिला मनापासून आनंद झाला होता, हे पुढे तिला कुणालाच सांगता आलं नाही.

"पप्पांना विचार," प्रज्ञेश म्हणाला. "संगीतकार म्हणून त्यांचं नाव टाकू."

रविवारी विचारू, असं म्हणत तिनं ते पुढे ढकललं. शेवटी तिनंच त्याला सांगितलं, "नाव राहू दे. त्यांना आवडायचं नाही."

त्या चालीवरचं हळदीचं गाणं उन्हाळ्यात आलं आणि बघता बघता मराठी गाण्यांत पहिल्या नंबरावर गेलं. रिक्षात, मंगल कार्यालयांत, उसाच्या ट्रॅक्टरवर तेच. सत्यशीलानं नोकरी सोडली. सातारा, नगर, नांदेड, जिथे जाईल तिथे लोक तिला तेच गाणं तीनतीनदा म्हणायला लावत.

श्यामसुंदरांनी ते शेजारच्या हळदीत ऐकलं. ती घरी आल्यावर ते म्हणाले, "आवाज छान लागलाय तुझा."

"पप्पा, मी विचारणार होते."

"मग विचारायचं होतं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. म्हणूनच विचारतात."

मग ते जेवणाची ताटं घेऊ लागले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात मंडळीतले एक म्हातारे शिक्षक वारले. सत्यशीला तेव्हा दौऱ्यावर होती. काय झालं ते तिला सरोजिनीआत्यानं फोनवर सांगितलं. श्यामसुंदरांनी नेहमीचं गीत सुरू केलं आणि कबरीपाशी उभ्या असलेल्या दोन मुली रुमालात तोंड लपवून हसू लागल्या. कुणाचा तरी पाय ठेका धरत होता.

"त्यांचा दोष नाही गं," आत्या म्हणाली. "माझ्याही डोक्यात ढोलकीच वाजत होती. दादानं गीत पुरं केलं आणि पेटी मिटली."

त्यानंतर ते गीत चर्चमध्ये झालं नाही.

पुढच्या वर्षी आत्याच गेली. सत्यशीला कार्यक्रम रद्द करून आली. चर्चचे पाळकसाहेब दफनाचं गीत ठरवायला घरी आले, तेव्हा श्यामसुंदरांनी पुस्तकातलं एक जुनं गीत सांगितलं.

"पप्पा, आपलंच म्हणू या," सत्यशीला म्हणाली. "मी म्हणते, अगदी संथ. माझ्या तोंडून ऐकलं तर लोक गप्प राहतील."

"तुझ्या तोंडून तर नकोच," ते म्हणाले.

कबरस्तानात ती सगळ्यांबरोबर ते जुनं गीत म्हणू लागली. पहिलं कडवं संपेपर्यंत चारपाच मोबाइल तिच्याकडे वळले होते. शवपेटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं ओठ मिटले आणि मान खाली घातली. श्यामसुंदरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वाजवत राहिले. बाकीच्यांनी कसंबसं गीत शेवटपर्यंत नेलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पप्पा, आत्यासाठी एक नवं बांधा ना. मी कुठेच गाणार नाही ते."

त्यांनी खिडकीची काच वर केली.

"बसलो होतो पेटीवर," ते म्हणाले. "कुठलाही सूर धरला, की खाली तुझी ढोलकी सुरू होते."

सत्यशीलानं गाडी बाजूला घेतली.