प्रश्न चौथा, नववी ब

कोंडोपंत पंतोजी, त्यांचे चिरंजीव दामोदरपंत हेडमास्तर, त्यांचे विष्णुपंत शाळातपासनीस. आणि विष्णुपंतांची कन्या सुचित्राबाई. एकदा दिलेला गुण या घराण्यात कोणी फिरवला नव्हता, आणि बाईंना त्र्याहत्तराव्या वर्षीही त्याचा ताठा होता.

त्याच सुचित्राबाई आयर्लंडमधल्या चेरीवूडच्या फ्लॅटमध्ये नातीच्या लॅपटॉपसमोर बोट नाचवत होत्या.

“गुलामगिरी तिसऱ्या क्रमांकावर का?”

एकवीस सालचा फेब्रुवारी. शाळा घरातून चालू होत्या. नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेल्या बाई वर्षभर मुलाकडे अडकल्या होत्या. रेवाचा प्रकल्प होता अमेरिकेच्या यादवी युद्धाचा आणि त्यात दोन्ही बाजूंनी लढलेल्या आयरिश सैनिकांचा. कारणं तिनं क्रमानं मांडली होती: राज्यांचे हक्क, जकात, गुलामगिरी.

“आजी, इट्स ग्रँड. सरांच्या नोट्समध्ये हाच ऑर्डर आहे.”

“फुटून निघालेल्या राज्यांनी कारणं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलीत. मिसिसिपीनं तर सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव घेतलंय. चोर कबुली देतोय, आणि वकील म्हणतो जकातीचं भांडण होतं!”

रेवा हसली. बाई थांबल्या नाहीत. अठराशे एकसष्टला सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा उत्तरेलाही फक्त देश एकसंध राखायचा होता, हे त्यांनी लपवलं नाही. पण गुलाम मळे सोडून पळाले, उत्तरेच्या फौजेच्या छावण्यांपुढे येऊन उभे राहिले. त्रेसष्टला मुक्तीची घोषणा झाली, मग काळे सैनिक पावणेदोन लाखांवर लढले, आणि पासष्टला दक्षिणेनं शस्त्रं ठेवली.

“पण मी ते पहिलं लिहिलं आणि मार्क्स कापले तर?” रेवा म्हणाली. “तू टीचर होतीस ना? तू दिले असतेस?”

बाईंचं बोट हवेतच राहिलं.

चौऱ्याऐंशी साली नववी ‘ब’च्या गुरुनाथनं हाच प्रश्न सोडवला होता. आदर्श उत्तरात चार कारणं होती. त्यानं एकच लिहिलं: ‘गुलामगिरी. ज्यांना विकलं त्यांना विचारा, तेही एकच सांगतील.’ त्याचा आजा मालगुजाराकडे वेठीला राबलेला. बाईंनी पाचपैकी दोन दिले. तो पेपर घेऊन टेबलाशी आला, तर आगाऊ म्हणून वर्गाबाहेर उभा केला. आता तो इथेच आयर्लंडमध्ये, शॅननच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि लॉकडाऊन लागल्यापासून दर रविवारी फोन करून बाईंच्या औषधांची चौकशी करत होता. त्या पेपरचा विषय त्यानं कधी काढला नव्हता.

“नव्हते दिले,” बाई म्हणाल्या, आणि नातीला सगळं सांगितलं. “लाव फोन गुरुनाथला. चेहरा दिसेल असा.”

पलीकडच्या खोलीतून विवेक हेडफोन काढत आला. “आई, सदतीस वर्षं झाली. उगाच हसं करून घेशील.”

“हसं माझं व्हायचंय. तू का कानकोंडा होतोस?”

पडद्यावर पांढऱ्या कल्ल्यांचा गुरुनाथ आला. “बाई? तब्येत बरी ना?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! नववीतला चौथा प्रश्न आठवतो?”

त्यानं मान खाली घातली. “आठवतो.”

“तुझं उत्तर बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. आदर्श उत्तराच्या आड लपले मी. आणि बाहेर उभं केलं, ते त्याहून वाईट.”

“जाऊ द्या हो, बाई.”

“का जाऊ द्या? तुझे तीन गुण आहेत माझ्याकडे.”

त्याची मान वर आली, थेट नववीतली.

“मग नुसतं तोंडी चालणार नाही, बाई. खाडाखोडीशेजारी तपासणाऱ्याची सही लागते. नियम तुमचाच.”

“आण गं लाल पेन,” बाई म्हणाल्या.

रेवानं आधी गुलामगिरीची ओळ ओढून सगळ्यांत वर नेली, मग पेन शोधलं. कोऱ्या कागदावर बाईंनी त्याचं नाव, तुकडी, प्रश्नाचा क्रमांक घातला. दोन लिहून आडव्या रेघेनं खोडले. शेजारी पाच. त्याखाली पूर्ण सही. मग कागद दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

“दिसतंय?”

“वाचतोय, बाई.”

तो वाचत राहिला. बाईंनी कागद खाली घेतला नाही.