बसायला जाणं

"कोन मरनं रे?" झुलालनानांनी फोनवर विचारलं.

"कोनी मरनं नही नाना. मी लंकामा बसाले जाई ऱ्हायनू."

"मंग तेच इचारी ऱ्हायनू ना! लंकामा आपलं कोन व्हतं मराले?"

बन्सीलाल बोरसेने कपाळावर हात मारून घेतला. चूक त्याचीच होती. खानदेशात माणूस 'बसायला' जातो तो एकाच कामासाठी. कुणाच्या घरी मयत झाली, की दारावर जाऊन सतरंजीवर घडीभर बसायचं, फार बोलायचं नाही, आणि उठून यायचं. पण डिंपलने, म्हणजे त्याच्या जळगावच्या लेकीने, समजावून सांगितलं ते याच शब्दांत. "बाबा, याला हाउस सिटिंग म्हणतात. घराचे मालक परगावी गेले, की आपण त्यांच्या घरी जाऊन बसायचं. कुत्रं-मांजर, झाडं सांभाळायची. राहायला फुकट. आणि आता तिकडे सीझन नाही, तर विमानाचं तिकीटही स्वस्त."

बन्सीलालने ते 'बसायचं' जसंच्या तसं कापडणे गावी, थोरल्या भावाला म्हणजे नानांना कळवलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेला माणूस. प्रवाशाने सांगितलेलं थांब्याचं नाव बदलायची त्याला सवय नव्हती.

खरा प्रकार कळल्यावर नाना आणखी भडकले. "सोतानं घर कुलूपमा, आनि दुसरासनं घर राखाले लंकामा! लंकामा सोनान्या इटा, तुले काय त्याना?" मग म्हणाले, "आनि तू बसशी? तू?"

फोन ठेवला तरी ते 'तू?' बन्सीलालच्या कानात राहिलं.

कारण बन्सीलाल बसत नसे, हे साऱ्या धुळे डेपोला माहीत होतं. गाडी रिकामी असली तरी हा दाराजवळच्या दांडीला पाठ लावून उभा. जेवण उभ्याने, हिशोब उभ्याने, चहा तर कायमच उभ्याने. देवपूरच्या घरी बायको दिपमाला रोज सकाळी कपबशी पुढे करायची आणि रोज म्हणायची, "बसून प्या हो, दोन मिनिटांनी काय गाडी पळून जाते?" हा बशीत ओतून, फुंकर मारून, दारातच संपवायचा आणि चालू पडायचा. निवृत्तीला दोन महिने राहिले होते, तेव्हाही एका सकाळी असंच झालं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, पिशवीत फोन वाजत राहिला, आणि हा तिकिटं फाडत राहिला. जळगाव स्टँडवर उतरून फोन पाहिला तेव्हा दिपमालाला जाऊन दीड तास झाला होता.

तेराव्यापर्यंत लोक बसायला येत होते. बठ्ठा, म्हणजे अख्खा गाव आला. ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर माणसं, आणि ज्याची बायको गेली तो मात्र उभा. पाणी देतोय, फाटकाची कडी ठोकतोय, दूध आणायला जातोय. सहाव्या दिवशी नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "बस ना रे घडीभर." हा म्हणाला, "येस, टाकीमा पानी देखी येस," म्हणजे टाकीतलं पाणी बघून येतो. तेव्हा नानांचा तोल गेला. "बायको तुनी मरनी का मनी?"

बन्सीलाल तेव्हाही बसला नाही. जिन्याने वर गेला आणि भरलेली टाकी बघत उभा राहिला. त्या दिवसापासून दोघा भावांत कामापुरतं बोलणं उरलं.

निवृत्त झाल्यावर तर कहरच झाला. सकाळ झाली की हा पास घेऊन स्टँडवर. धुळे–जळगाव, जळगाव–रावेर, रावेरहून केळीचे ट्रक मोजत परत. सीट रिकामी असली तरी उभा. त्याच्या जुन्या गाडीचा ड्रायव्हर गनीभाई एकदा आरशातून बघून ओरडला, "अरे बन्सीभाऊ, अब तो बैठो! तिकीट मी फाडू का तुमचं?" सगळी गाडी हसली. बन्सीलालही हसला, पण बसला नाही. घरात तर त्याला मुळीच थांबवत नसे. दारात उभं राहिलं, की हाताला बशी आठवायची.

डिंपलने त्याला एकदा जळगाव स्टँडवर पाहिलं. लेकीचं घर दहा मिनिटांवर, आणि बाप तिकडे न वळता परतीच्या गाडीत चढत होता. घरी जाऊन तिने हा उद्योग शोधून काढला. फिरायला जा म्हटलं असतं, तर बाप गेला नसता. ड्यूटी आहे म्हटल्यावर निघाला.

घराच्या मालकीण परेराबाई साठी उलटलेल्या, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्या मेलबर्नला लेकीकडे चालल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एकच विचारलं, "मिस्टर बन्सीलाल, कुत्र्याजवळ बसाल ना?" बन्सीलाल शर्टाचं वरचं बटण लावून म्हणाला, "येस मॅडम. सिटिंग व्हेरी गुड." हे त्याचं ड्यूटीवरचं पहिलं खोटं.

जूनमध्ये तो लंकेत पोचला. दक्षिणेकडच्या मातरा शहराच्या अलीकडचं, समुद्राकाठचं गाव. सीझन संपलेला. हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या, होड्या वर ओढून पालथ्या घातलेल्या, आणि समुद्र मात्र दिवसभर आदळआपट करत होता. बन्सीलालला तो समुद्र फार आवडला. आपल्यासारखाच आहे, एका जागी ठरत नाही, असं त्याने डिंपलला कळवलं.

कुत्र्याचं नाव कालू. काळाभोर, म्हातारा, एका कानाने अधू. तिकडच्या भाषेतही कालू म्हणजे काळाच, हे कळल्यावर बन्सीलालचा जीव थोडा भांड्यात पडला. डेपोतल्या कुत्र्यांना त्याने एकतीस वर्षं पोळ्या घातल्या होत्या.

परेराबाईंनी भिंतीवर कागद लावला होता. त्याचा फोटो पाठवून त्याने डिंपलकडून वाचून घेतला. झाडांना पाणी कधी, भात किती, गॅस कसा बंद करायचा. शेवटची ओळ डिंपलने दोनदा वाचली. "पाच वाजता कालू फाटकापाशी जातो. माझे मिस्टर त्या वेळी घरी यायचे. मागच्या वर्षी ते गेले. कृपा करून त्याच्याजवळ बसा."

पहिल्या दिवशी पाच वाजता कालू फाटकाशी गेला. बन्सीलालही गेला, आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला. कुत्रं बसलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि उठलं. हा दोन पावलं चालला, तर तेही चाललं. हा थांबला, तर तेही थांबलं. उभं माणूस म्हणजे निघालेलं माणूस, एवढं त्या मुक्या जनावरालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी बन्सीलालने फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं. तिसऱ्या दिवशी गळका नळ बदलला, माडाच्या पडलेल्या झावळ्या ओढून कोपऱ्यात रचल्या. चौथ्या दिवशी दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही, आणि कालूने भाताला तोंड लावलं नाही.

पाचव्या दिवशीही नाही. बन्सीलाल घाबरला. परक्याची ठेव, आणि तीही जिवंत. त्याने डिंपलला फोन केला, डिंपलने मेलबर्नला विचारलं. उत्तर तीन शब्दांचं आलं.

"बाबा, त्या विचारतात, 'तुम्ही बसलात का?'"

त्या संध्याकाळी पाच वाजता बन्सीलाल फाटकाजवळच्या पायरीवर बसला. आधी एक पाय हलत होता, मग दुसरा. रस्त्यावरून एक बस गेली तेव्हा तो अर्धा उठला आणि पुन्हा बसला. कालू येऊन शेजारी टेकला आणि त्याने हनुवटी याच्या चपलेवर ठेवली. दोघंही रस्त्याकडे बघत होते. येणारं कोणी नव्हतं, हे दोघांपैकी निदान एकाला ठाऊक होतं.

मग बन्सीलाल रडला. आवाज काढून, मोठ्याने, नाक पुसत. दोन वर्षांत रडला नव्हता तेवढं रडला. दोन मिनिटं मागत होती दिपमाला, फक्त दोन मिनिटं, आणि गाडी कुठे पळून जात होती? कालूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं. बसायला आलेल्या माणसाने करावं तसंच.

रात्रीचा भात कालूने चाटूनपुसून खाल्ला.

पुढचे तेवीस दिवस रोज पाच वाजता बन्सीलाल त्या पायरीवर बसला. एकदा नानांचाच फोन आला. "काय करी ऱ्हायना?"

"बसेल शे." म्हणजे बसलोय.

पलीकडून नाना म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

धुळ्याला परतल्यावर बन्सीलालने घराचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, ओटा धुतला. माळ्यावरची सतरंजी खाली काढली. तेराव्यानंतर ती तशीच गुंडाळून पडलेली होती. ओट्यावर अंथरली आणि कापडण्याला फोन लावला.

"नाना, येशी का? बसाले ये."

कोण मेलं, असं नानांनी या वेळी विचारलं नाही. "येस," एवढंच म्हणाले.

पाच वाजता नाना फाटकातून आले. टोपी सारखी केली, चपला पायरीखाली काढल्या, "राम राम" म्हणाले आणि सतरंजीच्या कडेला बसले. बन्सीलाल आधीपासून बसलेला होता. समोरून शाळेची मुलं गेली, भाजीची गाडी गेली. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून डोकावून पाहिलं आणि कुणाकडे काय झालं ते न कळून डोक्यावर पदर घेतला. अर्धा तास दोघे भाऊ काही बोलले नाहीत. नानांनी एकदा धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मग नाना म्हणाले, "च्या तरी मांड."

बन्सीलालने आत जाऊन चहा मांडला. फडताळातून दोन कपबश्या काढल्या. बाहेर येऊन एक नानांपुढे ठेवली, आणि दुसरी हातात घेऊन सतरंजीवर मांडी घातली. नाना त्याच्याकडे बघत होते. चहा फार गरम होता. बन्सीलालने तो बशीत ओतला नाही, फुंकरही मारली नाही. निवेपर्यंत तो बसून राहिला.