पाल पडलं की पडली?

थापाआजीने टॅबवर स्क्रॅपबुकचं शेवटचं पान उघडलं आणि हात आवरला. अगदी खरोखरीचा आवरला. उजव्या हाताचं बोट स्टिकरांच्या खणाकडे निघालं होतं, ते तिने डाव्या हाताने मागे ओढलं.

कारण मागच्या सहलीचा देवमासा. तळ्यातल्या होडीशेजारी तिने तो चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'याला वन्संनी वल्ह्याने हाकललं.' वन्सं म्हणजे तिची नणंद, जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली, झोपतानाही ताठ असणारी बाई. त्यांचे जुने विद्यार्थी फोन करकरून देवमाशाची खुशाली विचारायला लागले. तेव्हा वन्संनी अट घातली, की या वेळी पानांवर घडलं तेवढंच येईल. एक जरी थाप सापडली, तर पुढच्या खेपेला बर्फाचे डोंगर बघायला वहिनींनी एकटीनंच जावं.

आता एकटी कशी जाणार? ही बाई बाजारातून घरी येताना हरवते. शिवाय थाप मारली, की "काहीतरीच काय, वहिनी" म्हणायला शेजारी कुणी नको? त्याशिवाय थापेला चव नाही.

म्हणून मन मारून तिने खरी पानं केली. गाडी उशिरा आली, तर 'गाडी उशिरा आली' एवढंच लिहिलं. रुळांवर गेंडा आडवा झोपला होता, हे अगदी बोटांवर आलं होतं, तिने गिळलं.

शेवटच्या पानावर तळ्याकाठचा तंबू होता. वन्सं दुपारी तंबूत आडव्या झाल्या होत्या, आजी बाहेर चहा उकळत होती आणि एकाएकी तंबू भुईसपाट झाला. आजीने आधी फोटो काढला, मग तंबू उचलला. फोटोत वन्संचे नुसते बूट दिसत होते. वारा आला असेल, असं वन्सं म्हणाल्या. आजीच्या माहेरी तंबूला पाल म्हणायचे, म्हणून तिने खाली लिहिलं, 'वन्संच्या अंगावर पाल पडलं.' शुद्धलेखन बघून घरच्या ग्रुपवर टाक, असं सुनेला सांगून ती अंघोळीला गेली.

सून गुणाची. पाल पडलं? सासूबाईंचं बोट घसरलं असणार, म्हणून तिने 'पडली' केलं. सासूबाईंना चित्रांची हौस, म्हणून बुटांवर एक गलेलठ्ठ हिरवी पालही बसवली. आणि पान पाठवून दिलं.

आजी केस पुसत आली, बघितलं आणि टॉवेल सुनेच्या अंगावर टाकला.

"अगं, ती पाल नव्हे, ते पाल! तंबू!"

सुनेने जीभ चावली. आयुष्यात एकदा खरं लिहिलं आणि तेच थाप ठरलं. बर्फाचे डोंगर आजीच्या डोळ्यांसमोर वितळले. तेवढ्यात फोन वाजला. वन्संचाच. आजीने माफीची वाक्यं जुळवली, घसा खाकरला आणि फोन घेतला.

"वहिनी," पलीकडचा आवाज अगदी बारीक होता, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आजीने माफी गिळली. थापा मारणाऱ्याला एक विद्या येतेच, गप्प कधी बसायचं ती.

"कळलं," ती म्हणाली.

मग वन्संनी भडाभडा सगळं ओकलं. वारा कुठला, पानही हलत नव्हतं. छतावरून पाल पडली ती थेट मानेवर. वन्संनी खांबाला मिठी मारली आणि खांब त्यांच्यासकट आडवा झाला. शाळेतसुद्धा पाल दिसली, की त्या सगळ्या वर्गाला मैदानावर पळायला काढायच्या. फोनला कान लावून बसलेल्या सुनेने तोंडात टॉवेलचं टोक कोंबलं.

"मग डोंगरांचं काय?" आजीने हळूच विचारलं.

"यायलाच हवं. खरं तेच लिहिलंत ना." वन्सं थोड्या घुटमळल्या. "पण शाळेतली जुनी पोरं बघतील हो ते पान. पालीला भ्यायले म्हणून सांगू का त्यांना? तुमच्या त्या खणात मगर असेल, तर..."

"काहीतरीच काय, वन्सं," आजी म्हणाली. बोट केव्हाच मगरीवर पोचलं होतं.