जेवेल तो रंगवेल

कुलूपवाल्याच्या हाताचं चौकात कौतुक होतं. चावी हरवलेलं कसलंही कुलूप तो दोन तारा घालून, कान लावून, गुपचूप उघडून द्यायचा, आणि दाराला साधा ओरखडाही उठायचा नाही. पण त्याच हाताने उकडलेलं अंडं काही धड सोललं जात नव्हतं. निम्मं अंडं टरफलाबरोबरच जायचं.

याची गरज कधी पडली नव्हती. बायको रुग्णालयात परिचारिका होती, तरी घरचा स्वयंपाक तीच उरकायची. मग तिला शस्त्रक्रिया विभागाच्या शिक्षणासाठी नऊ महिने दुसऱ्या शहरात जायची संधी आली. "जा तू. आम्ही दोघं बघून घेऊ," असं कुलूपवाला छातीठोकपणे म्हणाला. जाताना तिने फडताळातले डबे दाखवले, गॅसचा कॉक दाखवला आणि ती निघून गेली. पहिले तीन आठवडे बाप-लेकीने पाकिटं फोडून आणि बिस्किटं खाऊन काढले.

लेक बारा वर्षांची. एका जागी टिकत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. एक दिवस ही भिंगरी शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, पोरीच्या पोटात नीट अन्न जात नाही. भिंगरीने ते फोनवर आत्याला जसंच्या तसं सांगून टाकलं.

आत्या म्हणजे कुलूपवाल्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि हा आठ. तिनेच त्याला वाढवलं. पुढे तिने मुलींच्या वसतिगृहाचा भटारखाना तीस वर्षं चालवला. दोनशे पोरींच्या ताटात काय पडतंय हे ती दारातून वासावरून सांगायची. तिने त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला.

"महिनाअखेर मी येते आणि तिला घेऊन जाते. शाळा आमच्याकडेही आहे."

"ताई, मला हा महिना दे."

"महिन्यात काय करणार तू?"

"स्वयंपाक."

मग ती म्हणाली, "बरं. शेवटच्या रविवारी जेवायला येते. पाकिटातलं काही चालायचं नाही. पावसुद्धा घरी केलेला हवा. जेवते, मग ठरवू."

फोन ठेवल्यावर कुलूपवाल्याने फडताळ उघडून पिठाचा डबा शोधला. पाव माणसं घरी करतात हेच त्याला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून त्याने टोमॅटो आणले आणि सूप करायला घेतलं. सूप बुडाला लागलं. वरचं वरचं काढून त्याने वाढलं, तर भिंगरीने एक चमचा घेतला, वाडगा सरकवला आणि ती आतल्या खोलीत गेली. कुलूपवाला पातेलं घासत बसला. अर्ध्या तासाने त्याने आत डोकावलं, तर पोरगी आरशासमोर आईचा मेकअपचा डबा उघडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्याचं कलिंगड झालं होतं. जबड्याच्या कडेने हिरवी साल, तिच्या आत पांढरट पट्टा, मग गालभर लाल, आणि त्यावर काळ्या बिया. एकेक बी तांदळाच्या दाण्याएवढी, टोकाला निमुळती.

रागवायला आलेला कुलूपवाला तिथेच उभा राहिला. बारीक काम त्याला कळत होतं.

"या बिया कशाने काढल्यास?"

"आईच्या आयलायनरने. श्वास रोखून धरायचा आणि हात सोडायचा."

तो स्वतः चावीला कानस मारताना अगदी हेच करायचा. तो पलंगाच्या कडेला टेकला. "स्वतःच्याच चेहऱ्यावर करतेस रोज?"

"दुसऱ्या कुणाचा मिळणार? मैत्रिणी हलतात. तुम्ही तर बसणारच नाही."

"बसलो तर?"

भिंगरीने ब्रश खाली ठेवला. बराच वेळ घासाघीस झाली आणि शेवटी करार ठरला. जो ताट पूर्ण रिकामं करेल, त्याने स्वयंपाक करणाऱ्याचा चेहरा हवा तसा रंगवायचा. भांडी घासून होईपर्यंत रंग पुसायचा नाही. अर्धं ताट चालणार नाही, आणि ताटातलं हळूच बापाच्या ताटात ढकललेलंही नाही. भिंगरीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "जेवेल तो रंगवेल", आणि तो फ्रिजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशीचा भात चिकट झाला, त्यावरची भाजी अळणी होती. भिंगरीने डोळे मिटून सगळं संपवलं आणि बापाचा जिराफ केला. तिसऱ्या दिवशी बटाटे आतून कच्चे राहिले, तरी त्याचं घड्याळ झालं, नाकावर दोन काटे. मग मात्र कुलूपवाल्याने चंग बांधला. पोरगी रंगांसाठी काहीही गिळतेय हे त्याला सहन होईना. बायकोला तो रोज दुपारी फोन करायचा. ती तासांमधल्या सुट्टीत धावतपळत सांगायची, "कांदा घाईने परतू नकोस. त्याला लाल व्हायला वेळ लागतो. तू कुलपाला देतोस तेवढा वेळ दे."

हे त्याच्या डोक्यात बरोबर शिरलं. कुलपावर जोर केला की तार मोडते, हे तो जाणून होता. तसाच तो आता पातेल्याशी वागू लागला. गॅस मंद ठेवायचा, ऐकायचं, थांबायचं. कांद्यातलं पाणी आटलं की चरचर बदलते, हे त्याला डोळ्यांआधी कानांनी कळू लागलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्याने टोमॅटो आधी भाजून, साल काढून, लसणासोबत शिजवले आणि सूप केलं. भिंगरीने वाडगा संपवला आणि पुन्हा पुढे केला. त्या संध्याकाळी ती रंगवायचंच विसरली. कुलूपवाल्याला आठवण करून द्यावी लागली.

"अगं, माझा चेहरा राहिला."

त्या दिवशी तिने त्याचा मासा केला. कांदे ज्या जाळीच्या पिशवीतून आले होते, ती पिशवी तिने त्याच्या गालावर ताणून धरली आणि वरून निळी-हिरवी पूड थोपटली. जाळी काढली तर खाली हुबेहूब खवले. पापण्यांवर चंदेरी, ओठ जांभळे. कुलूपवाला आरशात बघतच राहिला, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात पलीकडच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. चावी आत राहून दार ओढलं गेलं होतं आणि शेगडीवर दूध होतं. चेहरा धुवायला वेळच नव्हता. कुलूपवाल्याने पिशवी उचलली आणि तो तसाच रस्ता ओलांडून गेला. एका सायकलवाल्याने वळून बघण्याच्या नादात सायकल फुटपाथवर चढवली. जिन्यातल्या आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दीड मिनिटात दार उघडलं. दूध नुकतंच कडेला आलं होतं.

गॅस बंद केल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "खवले छान जमलेत," त्या म्हणाल्या. "कुणी केले?"

"लेकीने. तिने ताट संपवलं."

एवढ्यावर त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारी गिऱ्हाइकं आधी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची. कानामागे राहिलेला हिरवा रंग एकीने दाखवला, तेव्हा कुलूपवाला लाजला नाही. "काल वाटाणे केले होते," म्हणाला.

सगळं मार्गी लागलं होतं, फक्त पाव तेवढा हुलकावणी देत होता. पहिला विटेसारखा झाला. दुसरा बाहेरून करपला आणि आतून गिचका राहिला. आणि शनिवारी, आत्या यायच्या आदल्या दिवशी, अशी थंडी पडली की सकाळी मळलेलं पीठ दुपारपर्यंत परातीत जसंच्या तसं पडून होतं. कुलूपवाल्याने हात टेकले.

"यीस्ट मेलं वाटतं. ताईला पाव विकत आणून वाढतो. ओळखेल ती, पण काय करणार."

भिंगरी परातीवर वाकली. तिने पिठाला बोट लावलं. "बाबा, हे गार आहे. माझी लिपस्टिक अशीच गार झाली की ओठावर चालत नाही. मी ती मुठीत धरून बसते."

कुलूपवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो उठला. कपड्यांच्या कपाटाचा खालचा कप्पा त्याने रिकामा केला, आत उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं, शेजारी ओल्या फडक्याखाली परात ठेवली आणि कपाट घट्ट लावून घेतलं. दर तासाला पाणी बदललं. चौथ्या वेळी दार उघडलं तर फडकं वर उचललं गेलं होतं. पीठ परातीच्या काठाबाहेर फुगलं होतं, बोट लावलं की हळूच खाली जाऊन पुन्हा वर येत होतं. दोघं कपाटासमोर जमिनीवर बसून ते बघत राहिले. कुलूपवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तो गोळा पुन्हा मळून फ्रिजमध्ये ठेवला, पहाटे बाहेर काढून त्याच कपाटात उबेला ठेवला आणि सकाळी भाजायला घातला.

रविवारी आत्या बाराला येणार होती. ती पावणेअकरालाच आली. वसतिगृहातही ती ठरल्या वेळेआधीच तपासणीला जायची. घंटा वाजली तेव्हा न्याहारीचा हक्क वसूल करत भिंगरी बापाला वाघ करत होती आणि डावी बाजूच पूर्ण झाली होती. कुलूपवाल्याने दार उघडलं. अर्धा माणूस आणि अर्धा वाघ बघून आत्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे काय?"

"न्याहारी चांगली झाली होती, ताई."

ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली. तिने डबे उघडले, फ्रिज उघडला, कचऱ्याची बादलीसुद्धा उघडली. बादलीत टोमॅटोच्या साली, अंड्यांची टरफलं, वाटाण्याच्या शेंगा. एकही पाकीट नव्हतं. मग तिने ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

बारा वाजता तिघं बसली. भाजलेल्या टोमॅटोचं सूप, वाटाणे आणि बटाटे घालून केलेलं अंड्यांचं जाडसर ऑम्लेट, घरी लावलेलं दही, आणि पाव. कुलूपवाल्याने पाव कापला तेव्हा कवच कुरकुरलं आणि आतून वाफ आली. आत्याने तुकडा नाकाशी नेला, दाबून बघितला, खाल्ला. सूप घेतलं. भिंगरी घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होती. आत्या खाली मान घालून जेवत राहिली. सूप पुन्हा मागितलं. पावाच्या शेवटच्या तुकड्याने तिने वाडगा पुसून घेतला. वसतिगृहात कुणी असं केलं तर ती ओरडायची.

मग तिने भावाकडे पाहिलं. वाघाच्या बाजूकडे की माणसाच्या, सांगता येणार नाही.

"मीच तुला कधी शेगडीजवळ येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "पोळशील म्हणायचे. खरं म्हणजे तू मध्ये आलास की माझा वेळ जायचा. हे तुला तेव्हाच आलं असतं."

"आत्ता आलंय ना."

"आलंय," ती म्हणाली. "माझ्या सूपपेक्षा बरं झालंय. तीस वर्षं मी टोमॅटो उकडूनच घेतले, भाजायचं कधी सुचलं नाही." तिने भिंगरीच्या दंडाला हात लावून बघितला, गाल बघितले, पापणी खाली ओढून डोळाही बघितला. "राहू दे हिला इथेच. मी नेऊन काय वेगळं घालणार?"

भिंगरी उठली ती थेट आत गेली. आत्याला वाटलं, पोरीला रडू आलं. पण ती मेकअपचा डबा घेऊन परत आली आणि तिने तो आत्यापुढे ठेवला.

"तुझं ताट रिकामं आहे. नियम आहे. फ्रिजवर लिहिलाय."

आत्याने फ्रिजवरचा कागद वाचला. दोनदा वाचला. "मला नाही येत हे असलं."

"मलाही पाव येत नव्हता," कुलूपवाला म्हणाला आणि उजवा गाल पुढे करून बसला.

आत्याने ब्रश पळीसारखा मुठीत धरला. तिला वाघाची उरलेली बाजू करायची होती, पण पट्टे एकमेकांत मिसळले, नाक फार मोठं झालं आणि कानाच्या जागी केशरी ठिपका पडला. "हा कोण झाला?" तिने मागे सरून विचारलं. "बटाटा," भिंगरी म्हणाली. आत्या हसू लागली. आधी ओठ दाबून, मग खुर्चीची पाठ धरून. कुलूपवाल्याने थोरल्या बहिणीला असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. हसताना तिची हनुवटी अगदी त्यांच्या आईसारखी दिसत होती.

चारच्या बसने ती निघाली. अर्धा पाव तिने स्वतःच मागून फडक्यात बांधून घेतला. दारात चपला घालताना म्हणाली, "ते कपाटाचं काय केलंस ते मला नीट फोनवर सांग. आमच्याकडेही थंडी असते."

ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर बाप-लेक ओट्याशी आली. भिंगरीने आईचा नंबर लावून फोन ओट्यावर उभा केला. पडद्यावर बायको दिसली. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग मागचा भांड्यांचा ढीग पाहिला, आणि विचारायला तोंड उघडलं.

"राहतेय ही इथेच," कुलूपवाला म्हणाला आणि त्याने पहिलं पातेलं नळाखाली धरलं.