मोडीत निघालेली गाडी

पंचायतीचा शिपाई ओट्यापाशी येऊन सांगून गेला, की चिंचेखालची गाडी अमावास्येच्या आत हलवा, तिथं एसटीचा थांबा व्हायचाय. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर अर्जुनराव आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्याच गाडीच्या छाताडावर थांबा बांधा म्हणावं."

आत कुशाबाई भाकरी थापत होती. नवऱ्याचं बोलणं तिनं ऐकलं, पण हात थांबवला नाही.

जर्मनच्या लढाईच्या आधी अर्जुनरावांनी ओढ्याकाठची जमीन विकून एक जुनी बस घेतली होती आणि चाकण ते चिंचवड स्टेशन अशी फेरी सुरू केली होती. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मागं कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर त्यांनी गाडी हाकली. मोशीच्या चढाला उतारू खाली उतरून ढकलत, पण फेरी चुकली नाही. त्यांनी वऱ्हाडं नेली, अडलेल्या बायका पुण्याच्या दवाखान्यात पोचवल्या. साध्या अर्जुनाचा अर्जुनराव झाला तो या गाडीनं. मग सरकारनं रस्ते ताब्यात घेतले, एसटी आली, आणि एक्कावन्न साली त्यांचं परमिट गेलं, गाडी चिंचेखाली उभी राहिली. एसटीला ड्रायव्हर हवे होते. साहेबानं त्यांना बोलावून विचारलंही. "दुसऱ्याची गाडी हाकायला मी गडी हाय व्हय?" असं म्हणून ते उठून आले.

परमिट आज ना उद्या परत मिळेल या आशेवर ते पुण्याला हेलपाटे घालत राहिले, आणि नसतील तेव्हा ओट्यावर बसून राहिले. गाडीकडे बघवत नाही म्हणून जाता-येता ते बांधावरची वाट धरत. तरी लांबून दिसायचं ते दिसायचंच. आधी आरसे गेले. मग बाकडी गेली, टपाचे पत्रे गेले. आपलेच पत्रे यशोदाबाईच्या शेळ्यांच्या खोपटावर त्यांनी ओळखले, तेव्हा भर पाणवठ्यावर त्या रांडमुंड म्हातारीला त्यांनी चोरटी म्हटलं. म्हातारीनं पदर पुढं ओढला आणि घागर उचलून ती निघून गेली. तात्याबा लोहारानं गाडीच्या चाकांवरच्या पोलादी कमानपाट्यांचे विळे केले असं कळलं, तेव्हा त्याच्याशीही त्यांनी बोलणं टाकलं. होता होता गावात त्यांना बोलायला कुणी उरलं नाही. गेल्या थंडीत यशोदाबाई वारली, तर ते मातीलासुद्धा गेले नाहीत.

"सगळं गाव चोर," ते जेवायला बसले की म्हणायचे. "बारा वर्षं ह्यांना वाहिलं, त्याचे हे पांग फेडले."

कुशाबाई भाकरी वाढायची.

शिपाई येऊन गेल्यावर त्यांनी पिंपरीला मोडीचा धंदा करणाऱ्या दत्तोबाला निरोप धाडला. दत्तोबा मूळचा बीडकडचा. देहूरोडला लष्कराच्या मोडक्या गाड्यांचा लिलाव होई, तिथं हमाली करता करता तो स्वतःच मोड घेऊ लागला होता. दोन गडी, घण आणि छिन्न्या घेऊन तो बैलगाडीनं आला.

अर्जुनराव कितीतरी वर्षांनी चिंचेखाली उभे राहिले. गाडीचा नुसता सांगाडा उरला होता. तरी ते दत्तोबाला म्हणाले, "वरचं गेलं ते गेलं. खरा माल पुढं हाय. इंजन अजून बोलंल."

दत्तोबानं बॉनेटची तार सोडली, झाकण वर केलं आणि बाजूला सरकला. आत कोंबडीनं केलेलं घरटं होतं, वाळकी पानं होती. बाकी काही नव्हतं.

"इंजन तर कवाच काढलंय मालक," दत्तोबा म्हणाला. "आन हे चोराचं काम नाही. बोल्ट बघा, एकबी तोडलेला नाही. निवांत बसून खोललंय."

अर्जुनरावांनी आत हात घालून एकेक बोल्ट चाचपला. खाली बसावंसं वाटलं, पण परक्या माणसांपुढं ते बसले नाहीत. गड्यांपैकी एकजण बैलांना पाणी दाखवून येत होता, तो सहज म्हणाला, "टेकडीमागल्या विहिरीवर एक मोटारीचं इंजन चालू हाय. तिथंच पाजलं पाणी."

टेकडीमागली विहीर त्यांच्या चुलतभावाची, मालोजीची. देहूरोडच्या लिलावातून इंजन आणलं असं मालोजीनं गावात सांगितलेलं होतं. अर्जुनराव तिकडं चालू लागले ते चिंचेखाली काढलेली वहाण पायात घालायचंही विसरून.

इंजनावर गोणपाट टाकलेलं होतं. मालोजी उसात पाणी मोडत होता. अर्जुनरावांनी गोणपाट ओढलं. बाजूला, हाताला कळेल असा, पितळेचा जोड होता. ऐन लढाईत इंजनाचा ठोकळा तडकला होता, तेव्हा भवानी पेठेतल्या कारागिराकडून त्यांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेला.

"मालोजी, तू माझा भाऊ ना रं," ते म्हणाले. "आता मी चौकीवर जाणार."

मालोजी दांडावरून वर आला. हातातलं खोरं त्यानं जपून खाली ठेवलं. "जावा दादा. पर आधी वैनीस्नी इचारा."

"तिला काय इचारायचं?"

"इचारा. मी सांगायचं न्हाई असं कबूल केलंय."

घरी येईपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं आणि तरी काहीच खरं वाटत नव्हतं. कुशाबाई अंगणात हुलगे पाखडत होती. ते तिच्यापुढं उभे राहिले.

"इंजन मालोजीला कुणी दिलं?"

"मी दिलं."

"आन पत्रे?"

"पत्रेबी मीच दिले. बाकडी, टायर, समदं." सूप तिनं मांडीवर घेतलं. "आपल्या गाडीला गावात कुणी हात लावला न्हाई. मी दिलं आन त्यांनी त्याच्या बदल्यात जवारी दिली, डाळ दिली. आपल्या लेकीचं, गोजाचं बाळंतपण केलं त्याचं डिंक-तूप तात्याबानं दिलं. इंजन दिलं त्या सालापास्नं मालोजी भावजी महिन्याचं दाणं घालत्यात. चार वर्सं काय जेवताय तुमी? परमिट?"

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी ताटावरनं उठला असता. उठून नोकरीला गेला असता तर लगीच सांगितलं असतं. तुमी नुसतं उठला असता."

"मी यशोदाबाईला चारचौघांत चोर म्हटलं." त्यांचा आवाज उतरला. "तू तितं घागर घेऊन उभी व्हतीस."

"व्हते की."

"मग?"

"म्हातारीला आदल्या दिशी मी हात जोडून सांगितलं व्हतं, मालकाला कळू देऊ नका. तिनं शब्द पाळला." कुशाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "ती गेली तवा मी मातीला गेले. तुमी ओट्यावर बसला व्हता."

गावाला सगळं ठाऊक होतं. ते शिव्या देत होते आणि लोक, बाईमाणसाची अब्रू राखायची म्हणून, खाली मान घालून ऐकून घेत होते. चोर म्हणून घेत होते आणि महिन्याला दाणे पोचवत होते. पोरंसोरं सोडली तर हे ठाऊक नसलेला गावात एकच माणूस होता. बायकोवर हात उगारावा एवढाही राग त्यांच्यात उरला नाही. ते तसेच चिंचेकडं परत गेले.

दत्तोबाचे गडी सांगाड्याला छिन्नी लावत होते. अर्जुनरावांनी एकाच्या हातातला घण घेतला. दत्तोबा म्हणाला, "मालक, तुमी कशाला?" पण त्यांनी ऐकलं नाही. कुठला सांधा कुठं रिबिटांनी धरलाय ते त्यांना पाठ होतं. घाव वाया जात नव्हता. उन्हं कलेपर्यंत गाडीचे तुकडे बैलगाडीवर चढले. दत्तोबा हिशेब करायला लागला, तर ते म्हणाले, "त्ये घरी दे. बाईकडं." आणि मग, दुसरीकडं बघत, "तुझ्याकडं गडी लागतो का रं?"

दत्तोबानं त्यांच्या हातातला घण बघितला. "लागतो. पर काम हलकं नाही, आन मला मालक म्हणावं लागंल."

"म्हणीन."

एसटीत त्यांनी जे झिडकारलं होतं, त्याहून खालचं काम त्यांनी पत्करलं. पिंपरीला रुळांपलीकडच्या त्या आवारात लष्करी ट्रक, जळालेल्या मोटारी, कुणाकुणाच्या परमिट गेलेल्या बसगाड्या येत. अर्जुनराव त्या मोडत. सुटीला ते गावी येत, पगार कुशाबाईपुढं ठेवत. मालोजीला त्यांनी दाणे बंद करायला लावले. तात्याबाच्या भट्टीपाशी एकदा जाऊन उभे राहिले. तो "या" म्हणाला, आणि पुन्हा भाता ओढू लागला.

चिंचेखाली थांबा झाला. तिथून गाडी सुटते ती थेट चिंचवडला जाते. अर्जुनराव तिथं उभे राहत नाहीत. ते पुढच्या गावापर्यंत चालत जातात आणि तिथं एसटीला हात करतात.

कुशाबाईनं त्या दिवसापासून एक नेम धरला. त्यांच्या ताटात काही वाढलं की कुठून आलं ते ती सांगते. ही डाळ चाकणच्या बाजारातली. हे मीठ उधार आणलंय. ही भाजी मालोजीच्या मळ्यातली, त्याच्या बायकोनं पाठवली. सांगताना तिचा आवाज चढत नाही, उतरत नाही. ती त्यांचा मान राखते की सूड उगवते हे अर्जुनरावांना कळत नाही. विचारायची त्यांना हिंमतही नाही. ते खाली बघून जेवतात. कधीकधी घास हातातच राहतो, तेव्हा ती म्हणते, "खावा. पुरतं हाय."