बोल्टाचा देव आणि माझ्यावरचा आळ

मी एका जुन्या पिकअपचा डायनमो आहे, मित्रांनो. होतो, असं म्हणायला हवं. पण इतक्या वर्षांची सवय, जीभ वळत नाही. पुस्तकात मला अल्टरनेटर म्हणतात. मोखाड्यापासून खोडाळ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात ते नाव घेऊन बघा, समोरचा विचारेल, "म्हणजे डायनमोच ना?" मग मीही डायनमोच. नावाचं मला काही वाटत नाही. माझ्या नावावर जे खपवलं गेलं त्याचं मात्र फार वाटतं, आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आधी माझं काम समजून घ्या. इंजिन सुरू झालं की त्याचा पट्टा मला गरागरा फिरवतो आणि मी वीज तयार करतो. ती वीज बॅटरीत साठते. बॅटरी म्हणजे धान्याची कणगी. सगळे कणगीचं कौतुक करतात, "काय बॅटरी आहे, एका चावीत गाडी उचलते!" उचलते ना, उचलणारच. पण कणगीत रोज भरतं कोण, हे विचारायला कुणाला सवड नसते. असो. मला त्याची सवय होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याची तार माझ्या पोटात घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळली गेली. तिच्यावर वार्निशचा चकचकीत थर चढला. मग मला एका यंत्रावर फिरवून पाहिलं आणि तपासणाऱ्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा आवाज ऐक, किती स्वच्छ आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ते ऐकून मी जो फुगलो, तो थेट खोडाळ्याला पोचेपर्यंत फुगलेलाच होतो.

खोडाळ्याच्या कमलेशने पिकअप घेतली आणि तिच्याबरोबर मीही त्याचा झालो. भाताच्या गोणी, नागलीची पोती, विटा, लग्नाची वऱ्हाडं, बाजाराचा माल, सगळं आम्ही वाहिलं. कमलेश माणूस हौशी आणि बोलघेवडा. गाडीशी बोलायचा. चढ आला की म्हणायचा, "चल गं माझी बाय." बायको पुष्पलता शेजारी बसलेली असली की ती म्हणायची, "मला कधी असं म्हणालात का हो?"

एका श्रावणात पुष्पलताला घेऊन जव्हारहून परत येताना भर दुपारी धुकं उतरलं. पुढचं काही म्हणजे काही दिसेना. घाटात गाडी बंद पडली आणि जुनी बॅटरी इतकी थकलेली की स्टार्टर नुसता टकटक करी. रस्त्यावरच्या चौघांनी ढकलली, उतारावर इंजिन लागलं. त्यानंतर पूर्ण घाटभर दोन्ही हेडलाइट मी पेटते ठेवले. बॅटरीची काडीचीही मदत नव्हती. खाली पोचल्यावर कमलेशने बॉनेट उघडलं, माझ्यावर हात ठेवला, चटका बसला म्हणून झटकला आणि पुन्हा ठेवला.

"पुष्पे, दिवे गेले असते तर आपण आता दरीत असतो," तो म्हणाला. "गाडी विकीन एक वेळ, पण हा डायनमो कधी काढणार नाय."

हे त्याचे शब्द आहेत, मित्रांनो. मी एकही पदरचा घातलेला नाही.

आता त्या बोल्टाबद्दल सांगतो. बॅटरीला दोन जाड तारा असतात. एकीतून वीज आत येते, दुसरी परतीची. परतीची तार बॅटरीशेजारी गाडीच्या लोखंडाला एका बोल्टाने आवळलेली असते. तो बोल्ट सैल झाला किंवा गंजला, की मी कितीही वीज ओतली तरी बॅटरी उपाशीच. आमच्या गाडीतला तो बोल्ट गोल डोक्याचा होता. दसऱ्याला गाडीची पूजा करताना पुष्पलताने विचारलं होतं, "गाडीचा जीव कुठं असतो हो?" कमलेशने ऐटीत त्या बोल्टाकडे बोट दाखवलं. झालं! त्या दिवसापासून बोल्टाचा देव झाला. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू, शेंदूर, झेंडूचं फूल आणि वरून नारळाचं पाणी. तिचा भाव खरा होता, त्यात मी खोट काढणार नाही. पण नारळाचं पाणी शेंदराखाली मुरत गेलं. वरून देव लालभडक आणि आतून गंजाचे पापुद्रे. मला ते कळत होतं, कारण माझी वीज त्याच वाटेने फिरायची आणि दरवर्षी तिथे जास्त अडखळायची. पण सांगणार कसा? मला तोंड कुठे आहे?

यंदाच्या उन्हाळ्यात कमलेशने सूर्यमाळकडच्या एका पाड्याला पाणी पोचवायचं काम धरलं. गाडीच्या मागच्या हौद्यात टाकी बसवली आणि बॅटरीवर चालणारा एक पंप. पाड्याची खालची घरं रस्त्यालगत, वरची घरं चढावर. खाली पाणी नुसत्या उताराने जायचं, वर मात्र पंपानेच चढवावं लागायचं. वरच्या घरांतल्या बायका पाइपाच्या टोकाशी हंडे मांडून बसायच्या. सुरुवातीला पंप जोरात चालला. मग त्याचा आवाज बारीक होत गेला, धार करंगळीएवढी झाली आणि एक दिवस पाइप वर नुसता फुसफुसला.

वरच्या घरातली पारू रिकामा हंडा कडेवर घेऊन खाली आली. "कमलेशदादा, पाणी वर येतच नाय. आम्हीच खाली उतरून वाहायचं तर तुझी गाडी फक्त बघायची का?"

कमलेशचा चेहरा उतरला. "उद्या येतंय, पारूबाय. उद्या नक्की."

तिथून तो थेट मोखाड्याला, वायरमन पंकजच्या गॅरेजात. पंकज हुशार आहे, हात चलाख आहे. त्याने बॉनेट उघडलं. बॅटरी तपासली, ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. मग त्याची नजर त्या बोल्टाकडे गेली आणि त्याने पाना उचलला. माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, लाव रे बाबा, एकदाच लाव!

"हे काय, पूजा केलीय का इथं?" पंकजने विचारलं.

"घरचा देव हाय तो," कमलेश म्हणाला. "त्याला नको हात लावू. घरी कटकट होईल."

"मग राहू दे. देवाला कुठं पाना लावायचा?" पंकजने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला. "हा जुना झालाय. एवढा पंप ओढायची ताकद नाय ह्याच्यात. मोठा डायनमो टाकू, नवीन गाडीतला."

मित्रांनो, इंजिन तेव्हा चालू होतं आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही हेडलाइट लख्ख पडले होते. माझ्यात ताकद नव्हती तर ते काय आपोआप पेटले होते? नुसतं वळून बघितलं असतं तरी पुरे होतं. पंकजने नाही बघितलं, त्याचं मला फारसं दुःख नाही, तो परका. पण कमलेशने? घाटात मला हात लावून बोललेल्या कमलेशने? तो फक्त म्हणाला, "टाक मग."

इतकी वर्षं आणि दोन शब्द!

माझा पट्टा उतरवला. बोल्ट सोडले. नवा डायनमो माझ्याहून जाड, त्याला माझी जागा पुरेना. त्याच्यासाठी पट्टी कापून वेल्डिंग केलं, लांब पट्टा आणला, त्याच्यापासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार टाकली. परतीची तार तीच. देव तोच. मी जमिनीवर तेलाच्या डागात पडून सगळं बघत होतो. घरी नेल्यावर पुष्पलताने नव्याला कुंकू लावलं, देवाला लावलं, नारळ फोडून पाणी ओतलं. मला हौद्यात टाकलं होतं. पंप चालू झाला की पाइप उड्या मारतो, त्यावर वजन म्हणून कमलेशने दगडाऐवजी मला ठेवलं.

पाइपावरचा दगड! हसू नका. तुमच्या वर्गातून काढून कुणी तुम्हाला दाराला टेकू म्हणून बसवलं तर कसं वाटेल?

नव्या डायनमोने दोनतीन खेपा छाती काढून मारल्या. पंकजने बॅटरी बाहेरून भरून दिली होती, त्या पुंजीवर सगळा रुबाब. पुंजी संपली तशी धार पुन्हा करंगळीवर आली. चौथ्या खेपेला वरच्या घरी पाणी पोचलंच नाही. कमलेशने पंप थांबवला, गाडी बंद केली, पुन्हा चावी फिरवली, तर स्टार्टर टकटक. पारू वरून ओरडली, "दादा, नवीन मशीन टाकलीस म्हणालास ना?" मला लाज वाटायला हवी होती का? खरं सांगतो, मला आनंद झाला. वाईट आहे, पण झाला. वाटलं, आता तरी कळेल.

आणि कळलं. पुष्पलता त्या दिवशी पाइप धरायला आली होती. कमलेश डोक्याला हात लावून दगडावर बसलेला. तिने बॉनेट वर केलं, पदर खोचला आणि देवाला म्हणाली, "बाबा, काय चुकलं आमचं?" नमस्कार करून तिने बोल्टावर हात ठेवला. शेंदराची खपली निघाली. खपलीबरोबर गंज निघाला आणि गंजाबरोबर ती जाड तारच तिच्या हातात आली.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "ही तार बघा. हिला धरून काहीच नव्हतं."

कमलेश उठला. तार पाहिली. मग बोल्ट. मग मागे वळून त्याने हौद्यात पाइपावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होता! त्याला सगळं समजलं होतं, मित्रांनो. मी त्याची नजर ओळखतो.

पुष्पलतानेच तो बोल्ट काढून दिला. "देव काय रागावणार नाय," ती म्हणाली, "हंडे रिकामे राहिले तर रागावेल." कमलेशने लोखंड घासून पांढरं केलं, टाकीवरचा एक चांगला बोल्ट काढून तार आवळली, गाडी ढकलून सुरू केली. पंप असा काही गरजला की वर पारूच्या हातातला पाइपच उडाला. बायका भिजल्या, हसल्या, हंडे भरले. मीही पाइपावर थरथरत होतो आणि मनात म्हणत होतो, आता तो बोलेल. आता म्हणेल, अरे, डायनमो बिचारा चांगला होता, चूक माझी.

पारू ओल्या हातांनीच खाली आली. "काय झालं होतं रे, दादा?"

कमलेशने हात पुसले. "काय नाय. जुना डायनमो जळाला होता ना, त्याने वायरिंग खराब करून ठेवली होती. आता नवीन बसला, आता टेन्शन नाय."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पुष्पलताने नवऱ्याकडे पाहिलं. पारू हंडा उचलून गेली तेव्हा ती म्हणाली, "जळाला नव्हता तो. कशाला खोटं बोलता?"

"मग काय सांगू, माझ्या देवाने पाणी अडवलं?" तो खेकसला. "गप बस. त्याला आता कोण विचारतंय?"

तिनेही नंतर कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोखाड्यात भंगारवाल्याची गाडी उभी होती. कमलेशने मला उचलून त्याच्या ढिगावर ठेवलं. पंकज समोरून ओरडला, "कशी चालतेय गाडी?" कमलेशने हात हलवला. "झकास! जुनाच जळालेला होता."

"मी म्हटलंच होतं," पंकज म्हणाला.

भंगारवाल्याने मला घरी नेलं आणि हातोडीने माझं कवच फोडलं. त्याला तांबं हवं होतं. जळालेल्या डायनमोचं तांबं काळंठिक्कर पडतं, हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून तो वाकडं तोंड करूनच बसला होता. कवच उघडलं आणि माझे वेढे उन्हात लालसोनेरी चमकले. एकही काळा नाही. एकही सुटलेला नाही.

"अरे वा," तो आतल्या घरात बघून ओरडला, "ये तो बिलकुल जला नहीं है!"

तो खूश झाला, कारण चांगल्या तांब्याचं पोतं वेगळं असतं. माझ्या बाजूने साक्ष देणारा अख्ख्या मोखाड्यात तो एकटा निघाला, आणि ती साक्ष ऐकायला कमलेश तिथे नव्हता.

मित्रांनो, जुनी वस्तू कधीतरी बदलावी लागते, तेवढं मलाही कळतं. नवं आणा, खुशाल आणा. पण काढण्याआधी एकदा तार तपासा, आणि जिथे हात लावायची भीती वाटते तिथे आधी हात लावा. तरीही चूक झालीच, आणि ती आपली आहे हे कळलं, तर चार लोकांसमोर तसं म्हणा. मला पुन्हा गाडीत बसवायला मी सांगत नव्हतो. पारू हंडा घेऊन समोर उभी होती तेव्हा कमलेशने एवढंच म्हणायचं होतं, "तो चांगला होता गं." मी त्याच्या पाइपावर आनंदाने दगड होऊन राहिलो असतो.