उसना नांगर

सन १९६८. मार्च सरत आला होता आणि सिरदर्या नदीवरचा बर्फ नुकताच फुटून वाहून गेला होता. त्या दिवसांत मी जन्मलो. मी होडीचा नांगर बोलतोय.

धरण बांधून झालं तेव्हा काठावर सळया उरल्या होत्या. झानुझाक नावाच्या वेल्डरनं त्यातल्या चार घेतल्या, तापवल्या, गळासारख्या वाकवल्या, पाइपच्या तुकड्यात बसवल्या आणि वरून वितळलेलं शिसं ओतलं. म्हणजे त्या भिंतीच्या पोटात जे लोखंड आहे, तेच माझ्या अंगात आहे. तिनं नदी धरायची, मी होडी. तिला दरवाजे तरी आहेत. मला तेही नाहीत. धरलं की धरलं.

झानुझाक कमी बोलायचा. माझा दोर नेहमी होडीच्या तोंडाला, पुढच्या टोकाला असायचा, गाठ एका हिसक्यात सुटणारी आणि त्याच्या कमरेला सुरी. दरवाज्यांखाली पाणी उसळतं आणि उलटं भिंतीकडे धावतं, तिथं तो कधी गेला नाही. पाणी सोडण्याआधी धरणावरचा भोंगा वाजला की मला वर ओढायचा आणि निघायचा. लोक हसायचे. तो मागे वळून बघायचा नाही.

भोंगा वाजतो तो निघा म्हणून. पण पाणी सुटलं की बारीक मासे भिंतीपलीकडून गरगरत खाली येतात. त्यांच्या मागे सूदाक मासा तोंड उघडून धावतो आणि त्या घाईत गळही गिळतो. म्हणून आमच्या काठावर भोंगा म्हणजे जेवणाची घंटा. त्यातून एक रीत पडली. भोंग्यानंतर जो पहिला नांगर उचलेल, त्यानं काठावर सगळ्यांना चहा करून पाजायचा. झानुझाकनं जन्मभर पाजला. बाकीच्यांना त्या चहाची मरणापेक्षा जास्त भीती.

१९९७ च्या एप्रिलात झानुझाकचा जावई ओराझाली मला मागायला आला. त्याचा स्वतःचा नांगर धोंड्यात अडकून तुटला होता. झानुझाकनं मला दिलं आणि म्हणाला, "तोंडाला बांध. संध्याकाळी परत आण."

ओराझालीनं मला मागच्या बाजूला बांधलं. इंजिनापाशी बसून गळ टाकायला ते सोयीचं. गाठ पक्की मारली, वर आणखी वेढे घेतले. लाइफ जॅकेट बुडाखाली घेतलं, कारण फळी गार होती. सगळेच तसं करायचे. शेजारच्या होडीत त्याचा मेहुणा बसला होता, झानुझाकचा मुलगा सेइल्बेक. मेहुण्यानं दाजीची टर उडवायची आणि दाजीनं रागवायचं नाही, हा आमच्याकडचा हक्कच.

भोंगा वाजला. ओराझालीनं वरच्या दरवाज्यांकडे पाहिलं, गळ गुंडाळला आणि माझ्या दोराला हात घातला.

"दाजी, दूध जरा जास्त घाला," सेइल्बेकनं हाळी दिली. "आणि साखर किती ते ताईला विचारून या."

सगळ्या होड्या हसल्या. ओराझालीही हसला. "तुमच्या घरात अक्कल वाटली तेव्हा तू झोपला होतास रे," म्हणाला आणि पुन्हा जॅकेटवर बसला.

पाणी आलं. ज्या होड्यांची तोंडं पाण्याकडे होती त्या वर उचलल्या गेल्या. त्यांनी दोर सोडले आणि त्या खाली वाहत निघाल्या. ओराझालीच्या होडीची पाठ पाण्याकडे होती. इंजिनाच्या वजनानं ती आधीच बसलेली, त्यात मी खालून ओढून धरलेली. पाणी मागच्या फळीवरून आत शिरलं. ओराझालीनं गाठीत नखं खुपसली. ओली गाठ ताणाखाली आवळते, सुटत नाही. सुरी नव्हती. मी धोंड्यांमध्ये रुतलो होतो आणि धरून होतो. माझं काम मी चोख केलं. होडी बुडाली. जॅकेट तेवढं तरंगत गेलं.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. ओराझाली खाली लव्हाळ्यात सापडला. मयतापुढे उभं राहून मुल्लानं रीतीप्रमाणे विचारलं, याच्याकडून कुणाचं काही येणं आहे का. अशा वेळी लोक माफ करतात. झानुझाक पुढे आला. "माझा नांगर," म्हणाला. लोकांनी माना खाली घातल्या. मुल्लानं विचारलं, हे देणं कोण अंगावर घेतो. झानुझाकनं मुलाकडे पाहिलं. सेइल्बेक म्हणाला, "मी."

उन्हाळाभर कापसासाठी पाणी सुटत राहिलं आणि मी तळाशी पडून राहिलो. कापसाचं पाणी बंद झालं, विजेपुरतं अधूनमधून सुटायला लागलं, तेव्हा सेइल्बेक आला. वल्ह्यावर कामशात होती, त्याची बहीण, ओराझालीची बायको. हे काम बायका करत नाहीत. तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"जॅकेट अंगात घाल," ती म्हणाली. त्यानं घातलं. होडीचा दोरही तोंडाला होता. गळ टाकून त्यानं माझा जुना दोर वर घेतला, बुडालेल्या होडीपासून कापला आणि मला ओढू लागला. मी सोडत नव्हतो.

"आबांनी मला मारलं असतं तर बरं होतं," तो म्हणाला.

"मारलं असतं तर सुटला असतास," कामशात म्हणाली.

भोंगा वाजला. मी अर्धा सुटलो होतो. "थांब ताई, आलाच," तो म्हणत होता. तिनं त्याच्या कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. मी परत खाली गेलो.

काठावर ती दोघं पहिली पोचली. जवळच्या होडीतून कुणीतरी सवयीनं बोलून गेलं, "चहा तुमच्याकडे हं." मग त्याला कळलं आपण कुणाला म्हणालो. कामशातनं चूल पेटवली. होड्या आल्यावर डोक्याला विधवेचं पांढरं बांधलेल्या त्या बाईनं एकेकाच्या हातात चहाचा वाडगा दिला. हातात दिलेला वाडगा आमच्याकडे परत करत नाहीत. सगळ्यांनी प्यायला. दूध जास्त घातलं होतं.

माझं सांगणं थोडं आहे. भोंगा वाजला की निघा. मी सुटत नसेन तर मला कापा, मला राग नाही. मी लोखंड आहे, पुन्हा सापडतो. तुम्हीही सापडता, पण मग कुणाच्या उपयोगाचे नसता.

नदी गोठायच्या आधी, दरवाजे बंद असताना, ती दोघं पुन्हा आली आणि त्यांनी मला काढलं. माझी एक सळई वाकली होती. सेइल्बेकनं मला बापाच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. झानुझाक बाहेर आला. त्यानं वाकलेली सळई चाचपून पाहिली, मला उचललं आणि म्हणाला, "मिळाला."

देणं फिटलं.